देवळाच्या हॉलमधलं पीप

मस्कतमध्ये चर्चच्या आवारात बिअर बनवणारी बाई, अशी माझी ओळख करून दिली की नवी माणसं आधी दाराकडे बघतात आणि मग माझ्याकडे. त्यांना थोडा घाम फुटू द्यायला मला आवडतं. मग सांगते की या बिअरमध्ये दारूचा थेंबही नसतो. भाजलेले जव, आलं, इथलं काळं वाळवलेलं लिंबू, खजुराचा पाक आणि वरून गॅस. ग्लासात ओतलं की रंग तसाच, फेस तसाच. चव बिअरपेक्षा चांगली असते असं मी म्हणते, आणि माझ्या तोंडावर अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.

हा उद्योग मी हौसेनं सुरू केला नाही, माझ्या धाकट्या दिरासाठी केला.

आम्ही वसईचे ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणतो. आमच्यात लग्न असो, बारसं असो, नाताळ असो, पुरुषाच्या हातात ग्लास नसला तर सगळ्यांना त्याची काळजी वाटते. "काय रे, हात रिकामा कशाला?" असं विचारतात, आणि ते प्रेमानं विचारतात, हीच खरी पंचाईत. शिव्या देऊन कुणी दारू पाजत असता तर मी त्याला उंबऱ्याबाहेर काढला असता. प्रेमानं पाजणाऱ्याचं काय करायचं?

दीर इथल्या एका हॉटेलात बँक्वेटला होता. पिण्यापायी ती नोकरी गेली. माझ्या नवऱ्यानं रुसैलच्या ज्या कोल्ड्रिंकच्या कारखान्यात तो स्वतः फिटर आहे तिथंच त्याला चिकटवलं, आणि आमच्या वादी अदाईच्या घरात आणून ठेवलं. त्यानं दारू सोडली. मी सोडवली असं म्हणायचा मोह होतो, पण त्यानंच सोडली. त्याची बायको तेव्हा लहान मुलीला घेऊन वसईला माहेरी राहत होती. तिनं फोनवर एकच सांगितलं होतं, "येईन, पण कोरड्या घरात येईन. एक घोट घेतलास तर परत बोलावू नकोस." जाऊबाई माझ्याहून लहान, पण बोलली की शब्द खाली पडू देत नाही. मला ती त्यासाठीच आवडते.

सोडणं एक आणि चारचौघांत सोडलेलं राहणं दुसरं. कुणाकडे जेवण असलं की दीर माझ्याबरोबर स्वयंपाकघरात भांडी घासत बसायचा. एकदा आमच्याच घरी एका गाववाल्यानं सोबत बाटली आणली, त्याला बाहेर ओढलं आणि हातात ग्लास दिला. हा गाववाला सोन्यासारखा माणूस, कुणी आजारी पडलं तर पहिला धावणारा, पण आवाज असा की शेजारच्या इमारतीत ऐकू जावा. दिरानं तो ग्लास गपचूप माझ्या मनीप्लांटच्या कुंडीत रिकामा केला. रिकामा दिसला म्हणून गाववाल्यानं पुन्हा भरला. झाड मेलं, दीर वाचला. कुंडी धुताना मला वाटलं, याच्या हातात आपणच काहीतरी दिलं पाहिजे. फेसाचं, रंगाचं, ज्याच्याकडे बघून कुणी प्रश्न विचारणार नाही असं.

मग मी कामाला लागले, आणि मी कामाला लागले की घरच्यांना दुसरी वाट राहत नाही. सिरपची जुनी स्टीलची पिपं कारखान्यानं भंगारात काढली होती. नवऱ्यानं अर्बाबला, म्हणजे मालकाला, विचारून त्यातली काही आणली आणि गॅसची जोडणी केली. जवांना रंग येईपर्यंत भाजायचं कसं ते मी करपवून करपवून शिकले. खजूर आणि लिंबं किनाऱ्यावरच्या सहम गावाहून यायची. तिथं आमच्यातले एक काका बरीच वर्षं एका दुकानाचा कारभार बघतात, आजूबाजूचे शेतवाले त्यांच्या ओळखीचे. काका शुक्रवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, यायचे ते गाडीची डिकी भरून.

फादरनी हॉलचं स्वयंपाकघर वापरायला दिलं, पण अट घातली. आवार सरकारच्या ज्या परवानगीवर चालतं तिचा मान ठेवायचा. दारू नाही, दारूचा वास नाही, आणि पाटीवर बिअर हा शब्द नाही. मी पाटी लिहून घेतली, 'जवाचं पाणी'. ती माझ्या लेकीनं लिहिली. तिचं मराठी शाळेतल्या इंग्लिशखाली दबलेलं, त्यामुळे प्रत्येक अक्षर माझ्याकडे बघत बघत काढलं. पुरुष मंडळी मात्र 'चर्चची बिअर' म्हणायची, आणि फादर स्वतः स्वयंपाकघरात डोकावले की "ब्रुअरी कशी चाललीय?" म्हणून हसायचे.

ब्रुअरी झकास चालली. मराठी मिस्सानंतर हॉलमध्ये रांग लागायची. पहिला ग्लास दिराचा, ही आमची रीत. तो चाखणार, मान हलवणार, मग बाकीच्यांना वाटप. त्या ग्लासासकट तो हॉलभर फिरायचा, गप्पा मारायचा, गाववाल्याच्या पाठीवर थाप मारायचा. कुणी काही विचारायचं नाही. वर्ष सरत आलं तशी जाऊबाईची तिकिटं निघाली. ती नाताळला येणार होती, मुलीला घेऊन.

नाताळच्या जेवणासाठी आम्ही दोन दिवस आधी काढा उकळला. पिपं नेहमीपेक्षा जास्त, फ्रिज लहान. मी घरी पाहुण्यांची तयारी करायला गेले आणि पिपं भरायचं काम नाताळसाठी आधीच आलेल्या काकांवर सोपवलं.

जेवणाच्या दिवशी हॉल भरला होता. बटाटवड्यांचा वास, पोरांचा गोंधळ, नव्या साड्या. जाऊबाई एका खुर्चीवर मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. आल्यापासून तिनं दिराला काही विचारलं नव्हतं, नुसती बघत होती. दीर पांढरा शर्ट घालून माझ्या शेजारी उभा, हात पुसून तयार.

नवऱ्यानं पहिल्या पिपाचा नळ उघडला आणि फेस उसळून ग्लासाबाहेर आला. तो माझ्याकडे बघायला लागला.

"मी गॅस अजून जोडलाच नाहीये," तो म्हणाला.

मी दुसरं पीप उघडायला लावलं. तेही तसंच. मी झाकणाशी नाक नेलं. तो वास मला ओळखता येतो. नाताळच्या आधी वसईच्या घराघरांतून मनुकांच्या वाईनचा येतो तोच.

"काका, काय घातलंत यात?"

काकांचा चेहरा खुलला. "कळलं ना तुला! अगं पोरी, सणाचा दिवस. घरून थोडं यीस्ट आणलेलं, वाईनला घालतो तसं. फ्रिजमध्ये जागा नव्हती, बाहेर ठेवली पिपं, छान फुललं. जास्त काही नाही, नखाएवढं. चव बघ कशी आलीये."

त्यांना काही माहीत नव्हतं. दिराची गोष्ट आम्ही घराबाहेर कुणालाच सांगितली नव्हती. काकांनी प्रेमानंच घातलं होतं, पुन्हा तेच प्रेम. मी तोंड उघडणार तोच माझ्या लक्षात आलं की पहिला ग्लास टेबलावर नाही.

तो दिराच्या हातात होता. नाकाशी धरलेला. तो पीत नव्हता आणि खालीही ठेवत नव्हता. त्याचा चेहरा मी वर्षभर पाहिला नव्हता असा झाला होता. मी कशाला घाबरत नाही असं सगळीकडे सांगत फिरते, पण त्या क्षणी मी घाबरले. मी हात पुढे केला. त्याची बोटं लगेच सुटली नाहीत. मग सुटली.

"ओता सगळं," मी म्हणाले.

"अगं, रांग बघ बाहेर," नवरा म्हणाला. "जरासंच असेल. कुणाला कळणार पण नाही."

"कळायचं ज्याला त्याला कळलंय. ओता. खलास."

आम्ही पिपं मोरीत उलटी केली. काका सुरुवातीला बघत राहिले, मग दिराकडे त्यांची नजर गेली आणि कुणी न सांगता त्यांना समजलं. ते लिंबांची पिशवी ओढून कापायला बसले. डोळे पुसत होते. लिंबाचं पाणी उडालं असं म्हणाले.

मी फादरकडे जाऊन सरळ सांगितलं. ते म्हणाले, "लोकांना तूच सांग." मी माइक घेतला. "आज जवाचं पाणी मिळणार नाही. पिपांत यीस्ट पडलं होतं, म्हणून ओतून दिलंय. लिंबू सरबत करतोय, थोडा धीर धरा." हॉलमधून 'अरेरे' उठलं. कुणीतरी म्हणालं की ओतायच्या आधी सांगायचं होतं, आणि सगळे हसले.

सरबत व्हायला वेळ लागणार होता. तेवढा वेळ हॉलमधल्या सगळ्या पुरुषांचे हात रिकामे. दीर दरवाजाशी उभा होता, हातांचं काय करावं हे न कळून. आणि गाववाला त्याच्याकडे निघाला. मला माझ्या टेबलामागून पोहोचता येईना, मध्ये रांग होती.

"काय रे, हात रिकामा कशाला?" आवाज नेहमीचा, हॉलभर गेला. "हिनं ओतली तर ओतली. संध्याकाळी ये माझ्याकडे, खरी आहे घरी. येणार ना?"

दिरानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी त्याला काही देऊ शकत नव्हते. ग्लास नाही, फेस नाही, काही नाही.

"नाही येणार," तो म्हणाला. "मी पीत नाही. सोडलीय मी."

"म्हणजे, आज नाही?"

"कधीच नाही. वर्ष होत आलं."

गाववाल्यानं त्याच्याकडे बघितलं, जणू पहिल्यांदा बघत होता. "अरे, मग आधी नाही का बोलायचं?" तो म्हणाला, आणि आयुष्यात प्रथमच हळू आवाजात म्हणाला, "मी किती वेळा पाजली असेल तुला." मला माझा मनीप्लांट आठवला. मी टेबलामागे उभी राहून रडले, आणि ते लिंबाचं पाणी नव्हतं.

जाऊबाई खुर्चीवरून उठली. मुलगी तिच्या खांद्यावर पेंगुळली होती. ती गर्दीतून वाट काढत दिरासमोर येऊन उभी राहिली. त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, आता ती काहीतरी मोठं बोलणार.

"हात मोकळेच आहेत ना?" ती म्हणाली. "मग हिला धर. माझा खांदा भरून आलाय."