खंडेनवमीच्या आरतीत आलेला अलर्ट

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधी लिहून टाकते... आणि हा अनुभव लिहून झाल्यावरही तो बसलेला नसेल. मी कोरेगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार होते. त्यांच्या पाठीवर माझं कॉलेज झालं, हे मी विसरत नाही. आमच्या विज्ञानाच्या बाई नेहमी म्हणायच्या, आधी बघ, मग बोल. त्यामुळे खाली जे लिहितेय ते बघून, तपासून लिहितेय. घाईघाईत ऐकीव काही नाही.

मी नेरूळला राहते आणि न्हावा शेवा बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात आयटी विभागात आहे. काम सोप्या भाषेत सांगते. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय, कुठला ट्रेलर आत आला, कुठला बाहेर गेला, ही सगळी माहिती एका डेटाबेसमध्ये असते. हा डेटाबेस म्हणजे सर्व्हरवर अखंड चालणारी एक प्रोसेस. ती थांबली की गेट थांबतं, आणि गेट थांबलं की ट्रेलरची रांग पार हायवेला लागते. म्हणून तिच्या तब्येतीवर लक्ष ठेवणं हे माझं मुख्य काम.

आता गंमत अशी, की प्रोसेस नुसती यादीत ‘चालू’ दिसते म्हणून ती ठीक असते असं नाही. डोळे उघडे पण भान नाही, अशी तिची अवस्था होऊ शकते. म्हणून आमची मॉनिटरिंग सिस्टीम तिला सारखा एक छोटासा प्रश्न विचारत राहते. उत्तर आलं तर ठीक. नाही आलं, तर माझ्या मोबाइलवर एसएमएस — डेटाबेस प्रोसेस उत्तर देत नाही. ही सगळी व्यवस्था मी स्वतः बसवली आहे, आणि तिची खडानखडा माहिती मला आहे.

आमच्याकडे खंडेनवमी जोरात असते. कंटेनर उचलणारी अवजड यंत्रं, फोर्कलिफ्ट, पाने, ड्रिल मशिनं — सगळ्यांना हार, हळदकुंकू. आम्ही आयटीवाले आमचे लॅपटॉप पूजेत मांडतो. नियम एकच... आरती होऊन फुलं उचलेपर्यंत पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नाही. गेटसुद्धा तेवढा वेळ बंद असतं.

आदल्या वर्षी ऐन आरतीत माझ्या फोनवर अलर्टचा भोंगा वाजला होता. काही विशेष नव्हतं, पण आमचे मॅनेजर गावडेसाहेब तेव्हापासून मला टोमणे मारत होते. या वर्षी त्यांनी आधीच बजावलं, “तुझ्या त्या बाईला आरतीपुरतं गप्प बसायला सांग.” बाई म्हणजे माझी मॉनिटरिंग सिस्टीम. म्हणून मी ती मेन्टेनन्स मोडवर टाकली. या मोडमध्ये नुसते मेसेज बंद होत नाहीत, तर तो छोटा प्रश्न विचारणंच बंद होतं. हे नीट लक्षात ठेवा.

अजून एक माणूस सांगायचा राहिला. म्हात्रेदादा, आमचे इलेक्ट्रिकल सुपरवायझर. मूळचे शिरवण्याचे, निवृत्तीला आलेले, सगळ्यांची थट्टा करणारे. वीज आणि एसीच्या कामासाठी सर्व्हर रूमचं कार्ड त्यांच्याकडेही असायचं. दरवर्षी ते गुपचूप आत जाऊन सर्व्हरला उदबत्ती ओवाळून यायचे. या वर्षी मात्र तिथे आग विझवायची नवी यंत्रणा बसली होती. धूर लागला की आधी हूटर वाजतो, आणि थोड्याच वेळात बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड सुटतो. यंत्रांना त्याने काही होत नाही. माणूस मात्र गुदमरतो. मी दादांना म्हटलं होतं की या वर्षी दाराबाहेरूनच नमस्कार करा.

“सगल्या मशिनींना धूप न् तिनं एकटीनंच काय पाप केलाय?” असं म्हणत ते हसले, पण होकाराची मान हलवली. त्यांना वाटत होतं, धुराने फार तर भोंगा वाजेल.

तर त्या दिवशी सकाळी आवाराच्या टोकाच्या शेडमध्ये आरती सुरू झाली. ढोलकी, झांजा, सव्वाशे आवाज. आणि माझा फोन थरथरला. काढून बघते तर नेहमीचाच मेसेज... डेटाबेस प्रोसेस उत्तर देत नाही.

मला क्षणभर कळेना. शेजारी माझा सहकारी किरण टाळ्या वाजवत होता. त्याला फोन दाखवला. त्याने कानाशी येऊन विचारलं की मेन्टेनन्स मोडवर टाकलं होतंस ना, मग बघू आरती झाल्यावर. एरवी मी जागेवरून लॅपटॉप उघडून बघितलं असतं. पण लॅपटॉप झेंडूच्या फुलांखाली, गावडेसाहेबांच्या अगदी समोर. त्याला हात लावायची सोय नव्हती. मग पायीच निघाले. साहेबांनी डोळे वटारलेले मला दिसले, पण मी थांबले नाही. मेसेज बंद केलेला असूनही आलाय, म्हणजे काहीतरी भलतंच बिघडलंय, एवढंच डोक्यात होतं. म्हात्रेदादा आरतीत नाहीत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

ऑफिसच्या जिन्यात पाय ठेवला आणि वरून हूटर ऐकू आला. झांजांच्या आवाजात तो शेडपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. धावत वर गेले. दाराच्या काचेतून आत दिसलं... सर्व्हरसमोर जमिनीवर धुपाटणं, आणि म्हात्रेदादा खांद्यावरचा टॉवेल छताकडे फडकावून धूर हटवतायत.

कार्ड लावून दार उघडलं.

“दादा, बाहेर या. आत्ता.”

“आगो थांब, भोंगा बंद करतो. साहेब वरडंल.”

मी आत शिरले. त्यांचा दंड धरला आणि ओढलं. वयाने, मानाने मोठा माणूस, पण ओढलं. दार आमच्यामागे आपोआप बंद झालं आणि लगेच आतून फुत्कारासारखा प्रचंड आवाज आला. काच पांढरी झाली. पलीकडचं काही दिसेना.

दादा त्या काचेकडे बघत जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, “मी तं आतच होतो गो.”

आता तपासणीचं. ही माझ्या हातातली गोष्ट आहे, त्यामुळे ठामपणे सांगते. डेटाबेस प्रोसेस त्या दिवशी एक क्षणही थांबली नव्हती. मॉनिटरिंगच्या नोंदीत त्या वेळात एकही प्रश्न विचारलेला नाही, एकही अलर्ट निघालेला नाही. एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीनेही लेखी कळवलं, आमच्याकडून तुमच्या नंबरवर काही गेलेलं नाही. प्रश्नच विचारला नव्हता, तर उत्तर येत नाही ही तक्रार केली कोणी?

किरण म्हणतो, जुना मेसेज नेटवर्कमध्ये अडकून उशिरा आला असेल. मी जुना प्रत्येक मेसेज नोंदीशी ताडून पाहिला. सगळे जिथल्या तिथे आहेत, हाच एक जास्तीचा आहे. शिवाय कॅमेऱ्याचं चित्रण आहे. त्याचं घड्याळ माझ्या फोनशी जुळवून पाहिलं. मेसेज आला तेव्हा म्हात्रेदादा खाली पँट्रीत गॅसवर निखारे फुलवत होते. जिना चढलेसुद्धा नव्हते. म्हणजे धूर नाही, हूटर नाही, काहीच घडलेलं नाही... आणि मेसेज आलेला आहे.

अहवालात गावडेसाहेबांनी लिहिलं होतं की मी नेहमीच्या पाहणीसाठी वर गेले. मी सही केली नाही. खोडून लिहिलं — कारण: एसएमएस. पाठवणारा: अज्ञात.  साहेबांचे टोमणे तेव्हापासून थांबले.

दिवाळीच्या आधी म्हात्रेवहिनी आमच्या नेरूळच्या घरी आल्या. पिशवीत नारळ. माझ्या आईशी दोन शब्द बोलल्या आणि मग माझा हात धरून विचारलं, “तुला कोनी धारला गो वरती? मी नारल बोललेय. पन कुनाच्या नावानं फोरू?”

मला वर कोणी धाडलं, हे त्यांना हवं होतं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. प्रोसेस, प्रश्न, मेसेज, कॅमेरा. त्यांनी नीट ऐकून घेतलं. कुलदेवाचं नाव सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, हे मला कळत होतं. आईही मला डोळ्यांनी खुणावत होती. पण जे मला माहीत नाही ते मी कसं सांगणार?

“वहिनी, खरंच माहीत नाही,” मी म्हटलं.

 त्या पदर खोचून उठल्या.

“नाय तं नाय. मानूस घरान हाय माजा.”

आणि आमच्या उंबऱ्यावर त्यांनी तो नारळ फोडला. कोणाचंही नाव न घेता.