दुसऱ्या घरातली जीप

लग्नानंतरचे पहिले काही महिने आम्ही दोघं एकमेकांना अहो-जाहो करायचो. दोघांचंही दुसरं लग्न, दोघांचीही पन्नाशी उलटलेली, मुलं आपापल्या संसाराला लागलेली. विहारात साधंसं लग्न करून मी पिपरी मेघेला त्यांच्या घरी राहायला आले. ते कृषी खात्यातून निवृत्त झालेले. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये त्यांच्या वडिलांची जुनी पेट्रोल जीप होती आणि तिचं इंजिन त्यांनी खोलून ठेवलं होतं. ब्लॉक नागपूरहून बोअर करून आला होता, पिस्टन नवे बसले होते. बाकीचे भाग परत जोडायचे तेवढे राहिले होते.

एका सकाळी ते शेडमध्ये जुना पेपर पसरून पॅकिंगचा सेट मांडत बसले होते. इंजिनाच्या दोन भागांच्या सांध्यात ही पॅकिंगं बसतात. काही जाड कागदाची, काही बुचाची, हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पत्र्याचं. शेजारी सिलिकॉनची एक मोठी ट्यूब.

"सगळीकडे हेच लावतो," ते म्हणाले. "एकदा लावलं का गळायचं नाव नाई."

"सगळीकडे नाई लागत," मी म्हणाले. "काही ठिकाणी तर बिलकुलच नाई."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या पहिल्या नवऱ्याचं तळेगावला गॅरेज होतं हे त्यांना ठाऊक होतं. मी तिथे फक्त डबा पोचवत नव्हते, हे मात्र मी कधी सांगितलं नव्हतं. पॅकिंग कापणं, सांधे साफ करणं, सोल्यूशन लावणं ही कामं तिथे माझीच होती. नवरा गेला तेव्हा गॅरेज बंद झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्या नखांत ग्रीस गेलं नव्हतं. त्या सकाळी मी पदर खोचला आणि खाली बसले.

आधी दुकानात जाऊ, असं मी म्हटलं. वर्ध्यातल्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराने सवयीने त्यांनाच विचारलं, "सर, काय देऊ?"

"मॅडमले विचारा," ते म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

मी दोन वस्तू घेतल्या. एक न सुकणारं, काकवीसारखं चिकट सोल्यूशन, कागदी पॅकिंगांसाठी. दुसरं बोल्टच्या आट्यांना लावायचं. सिलिकॉन घरी होतंच. त्याचं काम अगदी थोडं होतं.

घरी येऊन कामाला लागलो. जुन्या पॅकिंगचे तुकडे त्यांनी पात्याने खरवडले, मी पेट्रोलच्या फडक्याने सांधे पुसले. सांध्यावर बोट फिरवायचं; बोट कोरडं राहिलं आणि कुठे अडलं नाही की झालं. पुढच्या कव्हरच्या कागदी पॅकिंगला बोटाने पातळ लेप दिला. खालच्या ऑइल चेंबरचं पॅकिंग बुचाचं. ते चेंबरच्या बाजूने चिकटवलं आणि ब्लॉकच्या बाजूला फक्त ग्रीस लावलं.

"वरून काऊन नाई चिकटवत?" त्यांनी विचारलं.

"उद्या चेंबर खोलायची वेळ आली तर पॅकिंग फाटल्याशिवाय निघालं पाहिजे."

चारही कोपऱ्यांत, जिथे दोन पॅकिंगांची टोकं भेटतात तिथे, तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ठेवलं. त्यांना ते फारच कमी वाटलं. ते माझ्या हातातल्या ट्यूबकडे बोट दाखवत राहिले.

"अजून थोडं लावा ना."

"नको. बाहेर जेवढं दिसते, तेवढंच आत दाबलं जाते. आत गेलेलं तुटते आणि तेलाच्या जाळीत जाऊन बसते. आर्वी रोडवर एका माणसाचं इंजिन असंच जाम झालं होतं. तेव्हापासून हे म्हणत..."

मी थांबले. त्या शेडमध्ये, त्या घरात, मी पहिल्या नवऱ्याचं बोलणं प्रथमच काढलं होतं. माझ्या हातात ट्यूब तशीच राहिली.

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि झाकण लावलं. "काय म्हणत ते?" त्यांनी विचारलं. "सांगा ना. मले शिकाचंच हाये."

मग मी सांगत गेले. हेडच्या पॅकिंगला काही लावायचं नाही, दोन्ही बाजू स्वच्छ आणि कोरड्या ठेवायच्या. पण ज्या बोल्टांचं टोक आत पाण्यात उतरतं, त्यांच्या आट्यांना सोल्यूशन लागलंच पाहिजे, नाहीतर पाणी आट्यांतून वर चढतं. बोल्ट मधून कसायला सुरुवात करायची आणि कडेकडे जायचं. ते ऐकत होते आणि मधूनमधून नेमका प्रश्न विचारत होते. मला फार मोकळं वाटत होतं.

संध्याकाळी मी म्हटलं, पाणी भरू आणि चालू करून पाहू. गॅरेजमध्ये आम्ही चहा झाला की गाडी चालू करायचो. त्यांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. सिलिकॉनला पुरता एक दिवस द्यायचा होता.

"आपल्याले कुठं गिऱ्हाईक थांबून हाये?" ते म्हणाले. त्यांचं खरं होतं. थांबलो.

दुसऱ्या दिवशी इंजिन तिसऱ्या सेल्फला उचललं. खाली नवा पुठ्ठा टाकला होता, त्यावर तेलाचा थेंब नाही. पण इंजिन गरम झाल्यावर हेडच्या मागच्या एका बोल्टाभोवती पाण्याचे बुडबुडे दिसले.

"तो मी बसवला," ते लगेच म्हणाले. "तुम्ही मुलीसंग फोनवर बोलून राह्यल्या होत्या. सोल्यूशन लावाचं राह्यलं."

"एकच हाये. हेड काढाचं काम नाई."

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. पाणी उतरवलं, तेवढा एकच बोल्ट काढला, आटे तारेच्या ब्रशने साफ केले, सोल्यूशन लावून पुन्हा कसला. पाना त्यांच्याच हातात दिला. पुन्हा पाणी भरून चालू केलं तेव्हा बोल्टाभोवतीचा भाग कोरडा होता.

"जीप पहिली कुठं न्याची?" मी विचारलं.

ते म्हणाले, "तळेगावले. तुमच्या सासूबाईले भेटून येऊ."

 पहिल्या सासूबाईंना मी लग्नाचं फोनवर कळवलं होतं, भेटायला जायचा धीर झाला नव्हता.

आम्ही आर्वीवरून गेलो. सासूबाई अंगणात आल्या, मला जवळ घेतलं, मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "बसा बापू, जेवून जाजा." जेवताना सासूबाईंनी विचारलं, "लगेच निघता का?"

मी म्हटलं, "नाई. नवं पॅकिंग गरम होऊन दबते, म्हणून इंजिन थंड झाल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा एकदा कसा लागते. रातभर थांबा लागते."

"मंग थांबा. मी खाट टाकतो."

पहाटे गार हवेत मी बॉनेट उघडलं. ते बोल्ट मोजत होते, मी टॉर्क पाना फिरवत होते. एकेक जेमतेम हलला आणि बसला. सासूबाईंनी चहाचे कप आणून जीपच्या मडगार्डवर ठेवले आणि आमच्याजवळ उभ्या राहून विचारलं, "संत्र्याच्या बगिच्यापर्यंत नेसान का मले? लई दिवस झाले, वावर पाह्यलं नाई."

ते मागे बसले, सासूबाई माझ्या शेजारी. मी चावी फिरवली.