विकत घेतलेली पाच वर्षं

नोकरीत तपासलेले कितीतरी गुन्हे आता विसरलो. दिग्रसच्या त्या फिटरची घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते.

मी तेव्हा यवतमाळला गुन्हे शाखेत होतो. एका खबऱ्याचा फोन आला, “साहेब, स्टँडजवळचा कॉम्प्युटरवाला अनुभवाचे सर्टिफिकेट विकून राह्यला. फॉरेनले जाणारे घेते.” पंच घेऊन छापा टाकला. संगणकात लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या नावाने बारा पत्रं सापडली. पत्त्यावर जाऊन पाहिलं. कंपनी नव्हतीच. कुलूपबंद शेड होती आणि दारात बाभळी वाढल्या होत्या.

बारापैकी एक पत्र या फिटरचं होतं. पस्तिशीचा माणूस, कापसातून सरकी काढायची जिनिंगची यंत्रं दुरुस्त करायचा. अमेरिकेतल्या एका जिनिंगवाल्याने त्याला कायमची नोकरी देऊ केली होती. व्हिसा मिळाला असता तर बायको आणि मुलगीही सोबत जाणार होत्या. त्या व्हिसासाठी कुशल कामगाराला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. याच्या जागेला पाच वर्षं मागितली होती, आणि पुरावा म्हणून आधीच्या मालकाचं पत्र.

चौकशीला बोलावलं. खोटं बोलणारा माणूस तारखा पाठ करून येतो, पण डबा कुठे खायचा ते पाठ करून येत नाही. मी तेच विचारलं.

“कंपनीत जेवायचास कुठं?”

तो मान खाली घालून म्हणाला, “साहेब, मी त्या कंपनीत कधी गेलोच नाही.”

“म्हणजे काम येत नाही?”

हे त्याला लागलं. “येत नाही? रोलर फिरताना नुसता आवाज आयकून सांगतो, कोणती बेअरिंग गेली ते! अठरा वर्षं झाले उस्तादच्या वर्कशॉपात, त्याईच्या हाताखाली.”

“अरे, अठरा खरी वर्षं घरात आहेत, तर ही पाच खोटी कायले विकत घेतली?”

तो बोटाचं काळं नख खरवडू लागला. “उस्तादले लिहता येत नाही साहेब. अंगठा मारते ते. तिकडच्या लोकायसमोर त्याईचा अंगठा ठेवू? काय इज्जत राहीन त्याईची?”

आमच्या घरात कॉलेजची पदवी घेणारा मी पहिला. याचा मला अभिमान आहे, पण प्रवेशअर्जावरचा वडिलांचा अंगठा दिसू नये म्हणून तो अर्ज मी खिडकीत दुमडून दिला होता. हे मी त्याला सांगितलं नाही. पेन मात्र खाली ठेवला.

पत्र अजून त्याच्या व्हिसाचं काम पाहणाऱ्या वकिलाकडे गेलं नव्हतं. गेलं असतं आणि पकडलं गेलं असतं तर तो देश त्याला कायमचा बंद झाला असता. वरिष्ठांना सगळं सांगून मी त्याला साक्षीदार केलं. वकिलाने पाठवलेला नियमांचा कागदही मागवून वाचला. आधीच्या मालकाचं खरं पत्र हवं, असं त्यात होतं. मालक शिकलेला हवा, असं कुठेही नव्हतं.

त्याला घेऊन दिग्रसला उस्तादांच्या वर्कशॉपमध्ये गेलो. सत्तरीचे उस्ताद गिअर पुसत होते. मी हकिकत सांगितली. ते पोलिसाला घाबरले नाहीत, शागिर्दावर चिडले.

“अठरा साल मेरे पास रहा, और कागज पे पाच साल दुसरे का हो गया? मले काढूनच टाकलं काय रे नालायका?”

“उस्ताद, लोकं तुमचा अंगठा पाहतीन म्हणून...”

“याच अंगठ्यानं तुले पाना धराले शिकवलं!”

फिटर रडायला लागला. उस्तादांनी पुसायचं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. “पूस तोंड. आणि लिहणारा बोलाव.”

नोटरीच्या कारकुनाला उस्तादांनी अशी एकेका यंत्राची, एकेका दुरुस्तीची माहिती सांगितली, की लिहून लिहून त्याने दोनदा हात झटकला. दोन जिनिंगवाल्यांनीही आपली पत्रं जोडली. मग अंगठ्याची वेळ आली. ऑइल इतकं मुरलेलं, की ठशाऐवजी नुसता डाग उठला. फिटरने रॉकेल आणलं, उस्तादांचा हात मांडीवर घेतला आणि अंगठा सावकाश धुतला. तरी दुसरा ठसा पुसट आला. पन्नास वर्षांच्या कामात रेघा घासून गेल्या होत्या. तिसरा ठसा कारकुनाने मान्य केला.

कॉम्प्युटरवाल्यावर दोषारोपपत्र गेलं. फिटरने कोर्टात खरी साक्ष दिली. पुढे मुंबईला मुलाखत झाली, आणि तीच कागदपत्रं दाखवून त्याला व्हिसा मिळाला. तो गेल्यावर मी एकदा उस्तादांकडे डोकावलो. म्हणाले, “साहेब, बरं झालं मले लिहता येत नाही. येत असतं, तर माह्यं पत्र घेऊन पोरगा कवाच गेला असता.”

खोटं सापडलं की आम्ही पोलीस आधी शोधतो, यात फायदा कोणाचा. या खोट्यात मला एक म्हातारा सापडला, ज्याला कोणीतरी जपत होतं. तेव्हापासून खोटं बोलणारा समोर बसला, की तो कोणाला जपतो आहे, हेही मी विचारत आलो. दर वेळी उत्तर मिळालं असं नाही. मिळालं तेव्हा खुर्चीतला आरोपी मला माणूस म्हणून ओळखीचा झाला.