झोपण्यापूर्वी पावडर की पनीर?

मंडळी, आज मीरा रोडला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आलोय.

माझी धाकटी बहीण सविता कबड्डी खेळते. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे आणि तिचं वजन उतरत चाललंय. कोचनी झोपण्यापूर्वी हळू पचणारी प्रोटीन पावडर घ्यायला सांगितली, पण ती घेतली की तिचं पोट फुगतं, सकाळी सराव जमत नाही. काल म्हणाली, "दादा, मी खेळणंच सोडते."

म्हणून आज तिला घेऊन गेलो. बाईंनी आम्ही नेलेल्या पावडरच्या डब्यावरची माहिती वाचली. म्हणाल्या, "हे दुधातलंच प्रोटीन आहे. पनीरमध्येही तेच असतं, फक्त पावडरमध्ये घातलेले गोडीचे आणि घट्टपणाचे पदार्थ नसतात; पोट कदाचित त्यांनी फुगत असेल. रात्री थोडं पनीर किंवा घट्ट चक्का खाऊन बघ."

सविताने विचारलं, "एवढंच?"

"एवढंच. पोटाला मानवतंय का ते आठवडाभर बघ आणि मला सांग."

येताना डेअरीतून पनीर आणलं. आईने मीठ-मिरपूड लावून दिलं. सविताने बशी रिकामी केली आणि कुणी न सांगता उद्याच्या सरावाची बॅग भरली.

आता आई विचारतेय, रोज पनीर नको, उकडलेलं अंडं चालेल का? तुमच्यापैकी कुणी झोपताना असं काही खातं का? सकाळी पोट कसं असतं?