तूरडाळीच्या डब्यातला फ्यूज

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, समोरच्या काकूंना नाही, देवापुढं हात जोडतानाही नाही — तिथं तर मी जास्तच जपून बोलते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही, म्हणून असेल.

आधीच एक सांगून टाकते, म्हणजे नंतर गैरसमज नको. मी जिंकले. सिडकोतलं ते घर आज माझं आहे. फाटकावर माझ्या नावाची पाटी आहे, आणि रोज सकाळी ती ओल्या फडक्यानं पुसताना मला अजूनही आतून हसू येतं. झुरून अर्धी झालेली बाई तुम्हाला इथं भेटणार नाही.

घर बाबांनी बांधलं. नवरा गेल्यावर मी दोन बॅगा घेऊन त्यांच्याकडं परत आले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर डब्यांचा धंदा उभा केला. वाळूजला कंपनीत जाणारी एकटी पोरं, जालना रोडवरची ऑफिसं, असं गिऱ्हाईक. मी यादी केल्याशिवाय भाजीलाही जात नाही; धंदा त्याच्यावरच चालला. पण खरं सांगायचं तर धंदा पाण्यावर चालला. आमच्या शहरात महापालिकेचं पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही आलं तर. बाबांनी कॉलनी नवी असतानाच बोअर घेतला होता आणि त्याला गोड पाणी लागलं होतं. त्यांनी कंपाउंडच्या भिंतीला बाहेरच्या बाजूनं एक नळ काढून दिला — गल्लीसाठी. उन्हाळ्यात अर्धी गल्ली त्या नळावर असायची.

त्या नळाचं पुढं येईलच. आधी भावाचं.

बाबा गेल्यानंतर वर्षभरानं संजू पुण्याहून आला आणि म्हणाला, घर विकून टाकू. त्याचं काही चूक नव्हतं. निम्मं घर त्याचं, आणि तिकडच्या फ्लॅटचा हप्ता त्याच्या मानगुटीवर बसलेला. "तू आमच्याकडंच ये ना ताई," तो म्हणाला. "हॉलमध्ये दिवाण टाकू. टीव्हीपण तिथंच आहे." हे त्यानं अगदी मनापासून म्हटलं. मला मात्र माझी चादर दिसली — पाहुणे यायच्या आत रोज घडी घालून दिवाणाखाली सारायची चादर. आणि ओटा दुसऱ्या बाईचा.

नाही म्हणायला काय लागलं असतं? एक वाक्य. तुझा हिस्सा मी घेते, पण बाजारभाव मला झेपणार नाही, काहीतरी कमी कर. धाकटा भाऊ होता, ऐकलं असतं कदाचित. पण माझ्या जिभेवर ते वाक्य आलं नाही. मी म्हणाले, "बरं. घर तयार करायचं माझ्याकडं लागलं."

त्यानं तिथल्या तिथं बायकोला फोन लावला. "ताईवर सोडलंय. झालंच म्हणून समज."

एजंट म्हणून मुनीरभाईंना बोलावलं. जालना रोडवर त्यांचं छोटं ऑफिस, दुपारचा डबा माझाच. सगळं घर फिरून त्यांनी गच्चीवरची टाकी वाजवून बघितली. "ताई, आपल्या गावात घर बघायला आलेला माणूस हॉल नंतर बघतो, आधी नळ उघडतो. तुमच्याकडं तर बोअर आहे. घर नाय, हापूस आहे हापूस. आठ दिवसांत देतो काढून."

आठ दिवसांत. ते आनंदानं बोलले आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

मी कामाला लागले. बिजागऱ्यांना तेल, ओल आलेल्या कोपऱ्याला पुट्टी, जिन्याच्या कठड्याला रंग, माळ्यावरचं सामान भंगारात, न्हाणीघराच्या फरशीला ॲसिड. यादीतली एकेक ओळ खोडत गेले. संजूला फोटो पाठवत गेले. घर इतकं देखणं झालं की मलाच ते नव्यानं आवडलं. आणि जे एक काम केलं, ते कुठल्याही यादीत लिहिलं नाही.

सांगते.

एका दुपारी मी मोटारीच्या बोर्डातला चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपसला आणि तूरडाळीच्या डब्यात तळाशी खुपसला. मग मुनीरभाईंना फोन केला — बोअरचं पाणी गेलं. मोटार कोरडी फिरून जळू नये म्हणून मिस्त्रीनं फ्यूज काढून ठेवायला सांगितलंय. उन्हाळा होता, आजूबाजूचे बोअर आटतच होते. कोणाला शंका यावी असं त्यात काय होतं? गच्चीवरची टाकीही मी रिकामी ठेवू लागले.

पहिली पार्टी बँकेतल्या नवरा-बायकोची. बाई ओट्यापाशी उभी राहून हात फिरवत म्हणाली, "इथं खिडकीपाशी माझा मिक्सर." म्हणजे माझ्या मिक्सरच्या जागी. तेवढ्यात नवऱ्यानं नळ उघडला. नळ खाकरला, दोन थेंब पडले, बास. मुनीरभाईंनी रुमालानं कपाळ पुसलं.

"फ्यूज लावून एकदा बघायचं का, ताई?"

"बघा की. मोटार जळली तर भरून द्याल?"

त्यानंतर किती आले, आता आठवत नाही. सगळ्यांना घर आवडायचं आणि सगळे नळापाशी थांबायचे. मी प्रत्येकाला चहा दिला. मुनीरभाई एकदा पायरीवर बसून म्हणाले, "माझाच पायगुण वाईट दिसतोय." संजूनं तर त्यांना फोनवर झाडलंच. "एक घर विकवत नाही तुमच्याच्यानं, कशाला दुकान उघडून बसलात?" फोन माझ्या ओट्यावर होता, स्पीकर चालू. मुनीरभाई समोर उभे होते. मी भाकरी थापत होते, थापत राहिले.

इथवर सांगणं सोपं होतं. भाऊ, एजंट — हा व्यवहार झाला, व्यवहारात माणसं एकमेकांना फसवतात, असं मी स्वतःला म्हणू शकते. म्हटलंही आहे. पण बोअर आटला हे खोटं एकट्या एजंटापुरतं ठेवता येत नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? माझ्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं होतं. घरातला नळ कोरडा तर भिंतीबाहेरचाही कोरडाच हवा.

तो पूर्ण उन्हाळा मी बाबांचा नळ बंद ठेवला.

समोरच्या पठाडे काकूंचे गुडघे तेव्हाच गेलेले. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबायचा; काकू कळशी घेऊन निघायच्या आणि दर फाटकापाशी टेकायच्या. माझ्याही फाटकापाशी टेकायच्या. त्या वेळी मी कुठं असायचे? भिंतीच्या अलीकडं. दुपारी फ्यूज लावायचा, आवाज जाऊ नये म्हणून कूलर मोठा करायचा, नळी सोडून कोठीतले ड्रम भरून घ्यायचे, की फ्यूज पुन्हा डाळीत. धंदा थांबवून कसा चालेल?

"तुझ्या बापाचं पाणी गेलं गं बाई," काकू एकदा फाटकातून म्हणाल्या. "लई गोड होतं. एवढ्या पोरांचे डबे कशी करतीस?"

"टँकर घेते, काकू."

"टँकर कुठं पुरतोय तुला." आणि त्यांनी ती कळशी माझ्या पायरीवर ठेवली. "घे. मी आणते दुसरी."

नको म्हटलं असतं तर? पण नको म्हणणारी बाई कोरड्या घरातली वाटत नाही. मी घेतली. आत आणली. ड्रम काठोकाठ होते, ओतायला जागा नव्हती. मी ते पाणी कोठीतल्या फरशीवर ओतलं आणि फरशी पुसून घेतली. मग रिकामी कळशी घासून, लख्ख करून, काकूंना परत दिली. त्या म्हणाल्या, "घासायची कशाला गं."

हेच सांगायचं होतं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. मृग बरसून गेला तरी गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा संजू थकून म्हणाला, पडेल त्या भावात काढू. मी म्हणाले, मग मीच ठेवते. बांगड्या मोडल्या, पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि घराला शोभणार नाही अशा रकमेत त्याचा हिस्सा घेतला. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात हक्कसोडपत्रावर सही करून त्यानं माझे हात धरले. डोळे भरले होते त्याचे. "ताई, तू होतीस म्हणून सुटलो. असलं कोरडं घर कोण गळ्यात घेतं?" दर भाऊबीजेला तो हे बायको-मुलांसमोर पुन्हा सांगतो. मी ओवाळते.

त्या दिवशी घरी आले, डाळीत हात घातला, फ्यूज लावला. आणि आधी बाहेरचा नळ सोडला. पहिल्यांदा गंजाचं तांबडं आलं, मग काचेसारखं. काकूंनी बघितलं आणि त्या गुडघ्यांनिशी जवळजवळ धावत आल्या. ओंजळ भरून प्यायल्या. मग सगळ्या गल्लीला हाका मारल्या. "घर लेकीच्या नावावर झालं अन् बापानं पाणी सोडलं बघा!" कोणी हळदकुंकू आणलं, कोणी नारळ. मुनीरभाई पेढा खायला आले. त्यांना दलालीही मिळाली नव्हती. म्हणाले, "ताई, तुमच्या हाताला यश आहे, माझ्या नव्हतं." मी त्यांना दुसरा पेढा दिला.

त्या गर्दीत मला काय वाटलं, विचाराल? लाज नाही. मी त्या नळाजवळ राणीसारखी उभी होते.

तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी गल्ली नळाची पूजा करते आणि नारळ काकूच फोडतात. नळ मी परत कधी बंद केला नाही. यंदा काकूंच्यानं उठवेना. खुर्चीवर बसूनच त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. "तूच फोड. पाणी तुझ्यासाठीच तर आलं."

मी फोडला. एका दणक्यात दोन सरळ भकलं झाली. शुभ असतं म्हणतात. खोबरं सगळ्यांना वाटलं, पहिला तुकडा काकूंना. शेवटचा उरला तो मी खाल्ला. गोड होता.