आमचे साडू गाडी बघायला जातात

जुनी गाडी विकत कशी घेऊ नये, हे ज्याला शिकायचं असेल त्याने आमच्या साडूंचं शिष्यत्व पत्करावं. रोज सोलापूरहून मंद्रूपला नोकरीवर जायला आणि सुट्टीत पाण्याकाठी तंबू ठोकून राहायला, अशा दोन्ही कामांना चालेल अशी वापरलेली एसयूव्ही ते चार वर्षं शोधत होते. तंबू मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात आणला. तो गच्चीवर उभा असायचा आणि आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्यात बसून पापडांवरचे कावळे हाकलायची. आक्काचं मागणं फार नव्हतं. एकदा तरी घराबाहेर, मोकळ्या आभाळाखाली झोपायचं आणि सकाळी कुणाचाही चहा करायला उठायचं नाही, एवढंच. पण अलीकडे तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. "आता गाडी आली तरी चढणार कोन?" असं ती म्हणायची. साडू ते ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक गाडी बघून यायचे.

गाडीचा एसी तपासायचा तर मे महिन्यात दुपारी दोनलाच, असा त्यांचा नेम, कारण "सकाळच्याला काय, बैलगाडी बी गार लागती." मग मागची सीट पाडून, घरून नेलेली चादर अंथरून ते गाडीत आडवे व्हायचे. मुक्कामाची गाडी झोपून बघितल्याशिवाय कळत नाही, हे त्यांचं ठाम मत. होटगी रस्त्याला अशाच तपासणीत त्यांना खरोखर डोळा लागला. मालक बिचारा पाऊण तास काचेतून बघत उभा. उठल्यावर साडूंनी शेरा दिला, "झोप लई बेस लागती, पण पाय दुमडावं लागत्यात."

खरा घोळ व्हायचा तो चहाला. कप हातात आला की ते मालकाला विचारायचे, "पर इकता कशाला?" जुनी गाडी घेणारा प्रत्येकजण हे विचारतो, गाडीतली खोट कळावी म्हणून. साडूंना खोटीपेक्षा माणसाच्या उत्तरातच रस. अक्कलकोट रस्त्याच्या दोन भावांनी सांगितलं, वाटण्या होताहेत, गाडी कुणी ठेवायची यावरून अबोला आहे, म्हणून विकतोय. साडू तिथे जेवायलाच थांबले. संध्याकाळी दोघे भाऊ त्याच गाडीतून त्यांना घरी सोडायला आले. करमाळ्याचे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, मुलगा परदेशी गेला, आता एवढी मोठी गाडी कशाला? साडू म्हणाले, "मग त्यो सुट्टीला आल्यावर रिक्षानं हिंडवनार व्हय त्येला?" ती गाडी अजून त्यांच्याच दारात आहे. अशा सात गाड्या साडूंच्या कृपेने जिल्हाभर मूळ मालकांकडेच सुखाने नांदत होत्या आणि साडू डोक्याला टॉवेल गुंडाळून स्कूटरवरून मंद्रूपला जात होते.

गेल्या हिवाळ्यात मी माझी गाडी विकायचं ठरवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला गाडी चालवायला कायमची मनाई केली होती आणि हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की सगळे आपल्याशी हळू आवाजात बोलायला लागतात, याची मला भीती वाटत होती. मनात म्हटलं, साडूंनाच द्यावी, आक्काचीही हौस फिटेल. साडू आले. आत झोपून बघितलं, पाय पुरले. एक चक्कर मारून आले. मग चहा आला.

"पाव्हणं, इकता कशाला?"

"पिकअप घेत नाही."

"घेती की. आत्ताच बघितलं." त्यांनी कप खाली ठेवला. "मगाशी मी फाटक उघडलं तवा तुमी 'कोन हाय' म्हनला. चार हातांवरनं."

मग मला सगळं सांगावं लागलं. बायको दारात येऊन उभी राहिली होती, ते मला तिच्या बांगड्यांवरून कळलं. साडूंनी खाली ठेवलेला कप उचलून उरलेला चहा संपवला.

"गाडी इकायची न्हाय," ते म्हणाले. "मी चालवतो. तुमी शेजारी बसा."

तेव्हापासून गाडी कागदोपत्री माझी आहे आणि किल्ली त्यांच्या खिशात. रोज ती मंद्रूपला जाते. फेब्रुवारीत आम्ही चौघं उजनीच्या पाण्याकाठी मुक्कामाला गेलो. आक्काला दोघांनी हात देऊन गाडीत चढवलं. सकाळी चहा साडूंनी केला, अगदी वाईट, आणि आक्का तंबूत आठपर्यंत घोरत पडली.

आम्ही दोघे काठावर बसलो होतो. साडू म्हणाले, रोहित पक्षी उतरलेत, लई हायती. मला पाण्यावर नुसता फिकट गुलाबी पट्टा दिसत होता. त्यांना ते कळलं असावं, कारण ते मोठ्याने पक्षी मोजायला लागले. साठाच्या पुढे कुठेतरी चुकले, स्वतःवरच चिडले आणि पुन्हा एकपासून सुरू झाले. मला कुठेच जायची घाई नव्हती.