दही लागायच्या आत दौंड

शिरूरहून दौंडला विमानानं गेलं, तर सात मिनिटं लागतात. हा हिशोब माझ्या नवऱ्याचा, आणि तोही तो नवरा होण्याआधीचा. सत्तरच्या त्या दशकात दोन्ही गावांनी विमान पाहिलं ते फक्त आभाळातच. पण अडलेला माणूस कसलेही हिशोब मांडतो.

अडलं होतं ते असं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दौंडचं स्थळ लांब पडतं म्हणून बाजूला ठेवलं होतं. मुलगा रेल्वेत कारकून. मला बघायला आला तेव्हा बशीतले निम्मे पोहे त्यानं पँटवर सांडले आणि उरलेले निवांत खाल्ले. मला तो तिथंच आवडला. पण आबांची धाकटी बहीण सोलापूरच्याही पलीकडे दिलेली होती. तिच्या आजारपणाचं पत्र आमच्या हातात पडलं, तेव्हा ती जाऊन तीन दिवस झाले होते. तेव्हापासून आबांनी एक नेमच केला. पहाटे दुधाला विरजण लावायचं, डबा घेऊन निघायचं आणि दही लागायच्या आत मुलाच्या दारात पोचायचं. पोचलो तर स्थळ जवळचं, नाहीतर नमस्कार. थोरल्या ताईचं सासर या परीक्षेत सहज पास झालं होतं. ते चालत तासाभरावर होतं.

मुलानं मध्यस्थाच्या हाती चिठ्ठी पाठवली. सरळ रेषेत अंतर पंचेचाळीस किलोमीटर, पुणे-मुंबई विमानाच्या वेगानं सात मिनिटं. आबांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"इमान उतरवायचं कुठं?" ते म्हणाले. "आपल्या वांग्यात?"

सगळं घर हसलं, मी सोडून. मी चिडले होते, आणि चिडले की माझं जेवण सुटतं. आठ दिवस मी पानावर नुसती बसून उठत होते.

नवव्या दिवशी आबा म्हणाले, "बघू तरी." आईनं पहाटे विरजण लावलं आणि आई-आबा पहिल्या एसटीनं निघाले. उन्हाळ्याचे दिवस, दही दुपारपर्यंत लागणारच होतं. शिवणाच्या क्लासात मी त्या दिवशी एका झबल्याला तीन बाह्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं परतले. बस वाटेतल्या न्हावऱ्याच्या पुढं बंद पडलेली, चार तास रस्त्यातच गेलेले. दौंडला पोचायला दोन वाजले होते.

"दारात पोचलो तवा दूधच हुतं," आबा म्हणाले. "लागलं न्हाई दही. तारीख धरा."

त्या दिवशी मी चार भाकरी खाल्ल्या.

बुद्धविहारासमोर मांडव घातला, लग्न लागलं. निघायच्या वेळी आई माझा पदर सारखा करता करता म्हणाली, "बस बंद पडली तवा समदी झाडाखाली बसली. तुझा बाप मातुर डबा घेऊन रस्त्यावर येरझाऱ्या घालीत हुता. घडीभर खाली ठिवला न्हाई, नुसता हलवीत हुता. हलत्या दुधाचं दही लागतंय व्हय?"

मी तशीच आबांकडे गेले. ते भाड्यानं आणलेल्या खुर्च्या मोजत होते. मी विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आठ दिस जेवली न्हाईस. आता तिथं तरी पोटभर जेव."

आणि त्यांनी खुर्च्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.